पोरगं दरीत अडकलं, नदीत गेलं तर पहिला फोन कोणाला करायचा, आणि पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

पहिले नंबर सेव्ह करून घ्या, मग बाकीचं वाचा. ११२ म्हणजे पोलीस, फायर सगळं एकाच ठिकाणी. १०८ अ‍ॅम्ब्युलन्स, डॉक्टरसकट येते. १०७७ म्हणजे जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, कलेक्टर ऑफिसात असतो तो. जंगलात असाल तर वन विभागाचा १९२६. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. या सगळ्यांचे पैसे लागत नाहीत, एक रुपया नाही, आणि कोणी मागितले तर देऊ पण नका.

आता हे का लिहितोय ते सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझा भाचा आणि त्याचे पाच मित्र चाळीसगावहून पाटणादेवीला गेले होते. देवीचं दर्शन झालं, मग नाल्यानाल्याने आत गेले धबधब्याकडे, आणि तिथे शेवाळावरून त्याचा पाय सटकला. पायाची नळी मोडली, हाड बाहेर नव्हतं पण पाय भलतीकडेच वळलेला. खाली रेंज शून्य. एक पोरगा टेकडी चढून वर गेला, दोन काड्या रेंज आली, आणि त्याने पहिला फोन लावला एका प्रायव्हेट अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला, कारण कुठल्यातरी दवाखान्याबाहेरच्या स्टिकरवरून तो नंबर त्याने कधीतरी सेव्ह केलेला होता. तो बोलला आठ हजार होतील, चार आधी टाका. मग हा पोरगा वरून घरी फोन करतोय, मित्रांना फोन करतोय, कोणाच्या जीपेला पैसे आहेत ते बघतोय, यात पाऊण तास गेला. गाडी आली तर ती पार्किंगपर्यंत, एकटा ड्रायव्हर, आणि तो बोलला पेशंट गाडीपर्यंत आणा, मी खाली उतरणार नाही.

मला राग आला होता तेव्हा खूप, पण नंतर शांतपणे विचार केला तर त्या माणसाने खोटं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं की दरीतून वर कोण काढणार. आपण गाडी मागवली होती, गाडी आली.

म्हणून पहिली गोष्ट ही समजून घ्या की रेस्क्यू म्हणजे एक काम नाही, तीन आहेत. माणूस शोधणं, अडकलाय तिथून बाहेर काढणं, आणि दवाखान्यात नेणं. आपल्या खान्देशात पैसे देऊन जे विकत मिळतं ते जवळपास सगळं तिसऱ्या कामाचं आहे, म्हणजे गाडी, क्रेन, जेसीबी. शोधायचं आणि काढायचं काम करणारी माणसं म्हणजे पोलीस, फायरवाले, वनरक्षक, एसडीआरएफ म्हणजे राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल, आणि सगळ्यात आधी पोहोचणारी गावातली माणसं. यातलं कोणीच पैशावर येत नाही. मग पहिला फोन फुकटवाल्यांनाच गेला पाहिजे, खिशात कितीही पैसे असले तरी. प्रायव्हेटला दुसरा फोन करा, हवं तर लगेच पुढच्या मिनिटाला करा, पण दुसरा.

फोनवर काय बोलायचं

बहुतेक वेळ इथेच जातो. माणूस घाबरलेला असतो, तो सांगतो "आम्ही मनुदेवीच्या वर आहोत, लवकर या", आणि फोन घेणारा बसलेला असतो दुसऱ्याच शहरात, त्याला मनुदेवी म्हणजे काय ते माहीत नसतं. आधी जिल्हा, मग तालुका, मग जवळचं गाव, मग ठिकाण, या क्रमाने सांगा. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा, यावल, रावेर साइडला असाल तर राज्य पण सांगा, तिथे मोबाइल कधी मध्य प्रदेशचा तर कधी गुजरातचा टॉवर पकडतो. मग किती माणसं, जखमी किती, शुद्धीवर आहे का, पाणी वाढतंय का, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. "गाडी कमानीपर्यंत येते, पुढे दोन किलोमीटर पायी" एवढं एक वाक्य सांगितलं तर समोरचा दोर, स्ट्रेचर आणि माणसं घेऊन निघतो.

गूगल मॅप उघडा, आपला निळा ठिपका दिसतो त्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतात पॉइंटवाले. ते फोनवर वाचून दाखवा आणि साध्या एसएमएसने पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या नादी लागू नका, जिथे नेट अडकतं तिथे पण एसएमएस निघून जातो. आकडे बरोबर आहेत का ते बघायची सोपी खूण सांगतो, आपल्या खान्देशात पहिला आकडा २० नाहीतर २१ ने सुरू होतो आणि दुसरा ७३ ते ७६ च्या मधे. वेगळं काही दिसलं तर घाईत उलटसुलट लिहिलंय समजा. आणि फोनवर रेंज नसली, फक्त इमर्जन्सी कॉल असं दिसत असलं तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर लागतो.

फोन झाला की ज्या फोनवरून केला त्यावरून बाकी कोणाला फोन करू नका. नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "काय झालं रे, कसं झालं रे", आणि टीमचा फोन वेटिंगला जातो, बॅटरी संपते ती वेगळी. एका नातेवाइकाला सांगा, तो बाकीच्यांना सांगेल.

कोण येतं, कसं येतं

एसडीआरएफला आपण थेट फोन करून बोलावू शकत नाही, हे खूप लोकांना माहीत नाही. त्यांना जिल्हा प्रशासन बोलावतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे कलेक्टर हा जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा प्रमुख असतो, आणि खाली तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील अशी साखळी असते. म्हणून ११२ झाल्यावर लगेच १०७७ लावा आणि स्पष्ट शब्दात बोला की "एसडीआरएफची मागणी वर पाठवा". सोबत गावच्या पोलीस पाटलाला आणि तलाठ्याला कोणीतरी उठवा. तहसीलदाराकडे दोन बाजूंनी खबर गेली की काम हलतं.

आपल्याला एक गोष्ट चांगली आहे की महाराष्ट्रात एसडीआरएफ नागपूरला आणि धुळ्यालाच आहे, म्हणजे आपल्या दारात आहे. पण धुळ्याहून धडगाव किंवा तोरणमाळला घाट चढून यायचं म्हणजे काही तास जाणारच. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं तसंच दल, त्यांची बटालियन तर पुण्याजवळ आहे, ते मोठ्या आपत्तीलाच येतात. आणि ही माणसं फुकट येतात म्हणून काही लोक त्यांना हलकं समजतात, नदीकाठी उभं राहून ओरडतात "सरकारी आहेत, टाइमपास करताहेत". मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्याला शोधायला धुळ्याचीच टीम गेली होती, त्यांची बोट उलटली आणि ३ जवान गेले. दुसऱ्याच्या पोराला शोधायला गेलेली माणसं होती ती. काठावर उभे असाल तर गर्दी मागे सरकवा, त्यांना जागा द्या, चहापाणी द्या.

गड-डोंगरावर अडकलात तर गिर्यारोहकांची एक संघटना आहे, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, ते पण पैसे घेत नाहीत. त्यांची जास्त माणसं सह्याद्रीच्या बाजूला आहेत. तरी त्यांचा हेल्पलाइन नंबर ट्रेकला जायच्या आधी काढून ठेवा, फोनवर नीट सल्ला मिळतो तो पण मोठा असतो.

टीम यायच्या आधीचा तास

हा तास गावाचा असतो. माझ्या भाच्याला वर कोणी आणलं ते सांगतो. खालच्या वस्तीतले सहा जण आणि एक वनरक्षक, आणि त्यांनी आणली बाज. साधी सुताची विणलेली बाज, घरातली, त्यावर म्हातारी झोपलेली होती तिला उठवून आणली. पायाला दोन्ही बाजूंनी छत्र्या लावल्या, मिटलेल्या, आणि एकाच्या उपरण्याने गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली बांधल्या, मोडलं होतं तिथे गाठ येऊ दिली नाही. चौघं खांद्यावर, दोघं बदली म्हणून मागे, आणि एक म्हातारे आबा पुढे कोयत्याने घाणेरीची झुडपं तोडत. दर पन्नास-साठ पावलांवर "थांबा" म्हणायचे, खांदा बदलायचे. एकाने विचारलं नाही की काय देणार. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर बांबूला झोळी बांधून पेशंट रस्त्यापर्यंत आणणं हे लोक वर्षानुवर्षं करत आलेत, त्यांना ते कोणी शिकवायला नको. म्हणून म्हणतो, फिरायला जाताना पायथ्याच्या गावात पाच मिनिटं थांबा, कुठे जाताय ते सांगा, एखाद्या दुकानदाराचा नंबर घ्या.

हरवला असाल तर चालणं थांबवा. संध्याकाळी वाट सापडत नाही म्हणून माणूस नाल्यात उतरतो, नाला आपल्याला गावात नेईल असं त्याला वाटतं, आणि मधेच कडा लागतो. मोकळ्या जागी बसा, शिट्टी मारा थोड्या थोड्या वेळाने, मोबाइलचा टॉर्च सारखा चालू न ठेवता आवाज आला की दाखवा. अस्तंब्याच्या यात्रेला दिवाळीत हजारो लोक रात्रीचे चढतात, तिथे पण हाच नियम, ग्रुपमधला माणूस मागे राहिला तर त्याने राहिला तिथेच बसायचं आणि बाकीच्यांनी मागे यायचं.

नदीचं वेगळं आहे

तापी, गिरणा, वाघूर, पांझरा, कुठेही बुडताना माणूस दिसला तर उडी मारू नका, पट्टीचे पोहणारे असाल तरी नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात, आणि एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं होत घरंच्या घरं बसलीत. विहिरीचा दोर, सोल, ट्रकची ट्यूब, झाकण लावलेला रिकामा पाण्याचा जार, साडी, जे तरंगेल किंवा लांब पोहोचेल ते फेका. गिरणेत आणि तापीत जिथे वाळू उपसलेली आहे तिथे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खड्ड्यात जातं, वरून काही दिसत नाही. आणि तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की खाली पाणी वाढतं, तुमच्या गावात एक थेंब पाऊस नसला तरी. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजचं पण तसंच. भोंगा वाजला, दवंडी झाली तर सामान सोडा आणि वर या.

माणूस दिसेनासा झाला असेल तर जिथे शेवटचा दिसला त्या रेषेत काठावर दगडांचा ढीग करा, फांदी रोवा. घाबरलेल्या माणसाला तासाभराने जागा नक्की आठवत नाही, आणि टीमचा अर्धा दिवस चुकीच्या डोहात जातो. गावातल्या भोई लोकांना बोलवा, कोणत्या डोहात पाणी कसं फिरतं ते त्यांना माहीत असतं.

आणि इथे पैशाची गोष्ट येते, जड आहे पण सांगतो. दोन दिवस झाले, पोरगा सापडला नाही, आई काठावर बसलेली, "माले मना पोऱ्या दखाडा" एवढंच बोलतेय, तेव्हा कोणीतरी येऊन सांगतो की अमुक गावचा एक पाणबुड्या आहे, पंचवीस हजार घेतो. असे काही लोक खरंच पोटतिडकीने काम करतात, मी पाहिलेत. त्यांना बोलवायचं तर बोलवा, पण पोलिसांना सांगून बोलवा, त्यांच्या समोर उतरू द्या, लाइफ जॅकेट किंवा कमरेला दोर असल्याशिवाय उतरू देऊ नका. पूर आलेला असेल तर कोणी कितीही तयार झाला तरी पैसे दाखवून त्याला पाण्यात ढकलू नका, त्याला पण घर आहे. आणि सापडल्यावर परस्पर घरी न्यायचं नाही. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झालंच पाहिजे.

कागद का लागतो

दुःखात हे सुचत नाही म्हणून आत्ता सांगतो. पुरात वाहून गेला, वीज पडली अशा नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख मदत मिळते. नुसता पोहायला गेला आणि बुडाला तर ती सहसा बसत नाही, पण तो शेतकरी असेल किंवा शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख आहेत, त्यात बुडणं, सर्पदंश, वीज पडणं सगळं येतं. वय १० ते ७५ पाहिजे आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. या सगळ्याला पोलिसांचा कागद आणि पीएम रिपोर्ट लागतो. ज्यांनी पहिल्यापासून फक्त प्रायव्हेट माणसं लावून काम केलं त्यांच्याकडे कागदच नसतो, मग वर्षभर चकरा.

मग प्रायव्हेट कधी

असं नाही की प्रायव्हेट घ्यायचंच नाही. १०८ दुसऱ्या केसवर आहे आणि यायला तास लागेल सांगितलं, पेशंट रस्त्यावर आलेला आहे, तर प्रायव्हेट गाडी घ्या, वाट बघत बसू नका. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नदीचा पूर आला आणि कन्नड घाटात दरड पडून घाट बंद झाला, अशा वेळी जी गाडी तुमच्या बाजूला आहे ती तुमची. चाळीसगावहून धुळ्याला किंवा जळगाव-धुळ्याहून पुढे नाशिक, संभाजीनगरला व्हेंटिलेटरवर पेशंट न्यायचा असेल तर बऱ्याचदा प्रायव्हेटच मिळते. घाटात गाडी खाली गेली आणि माणसं बाहेर निघालीत, फक्त गाडी काढायची आहे, तर क्रेन तुमची तुम्ही बघा. तिथे पण आधी गाडीच्या इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, आणि काढायच्या आधी फोटो.

प्रायव्हेटला फोन केला की एवढं विचारा: किती पैसे आणि त्यात परतीचं भाडं, वेटिंग, ऑक्सिजन धरलंय का, गाडीत डॉक्टर किंवा नर्स आहे का नुसता ड्रायव्हर, कुठपर्यंत येणार आणि पेशंट उचलायला माणसं कोणाची. मग तेच व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत लिहून पाठवा आणि त्याचं "ओके" घ्या. सगळे पैसे आधी टाकू नका. कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते तुम्ही ठरवा, ड्रायव्हर आग्रह करून एकाच दवाखान्याचं नाव घेत असेल तर नाही म्हणा. रोडवरच्या अपघातात मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार, ते भरती करतानाच विचारा.

बाहेर जाणार असाल तर

आपल्याकडची माणसं आता केदारनाथच नाही, नेपाळला एव्हरेस्ट बेस कॅम्पला पण जायला लागलीत. केदारनाथला २०१३ मध्ये लष्कराने आणि हवाई दलाने हजारो यात्रेकरू काढले, कोणाकडे पावती मागितली नाही. नेपाळचं तसं नाही. तिथे हेलिकॉप्टर प्रायव्हेट कंपनीचं असतं आणि बिल लाखात जातं, म्हणून इन्शुरन्स काढल्याशिवाय जाऊ नका. पॉलिसीत उंचीची अट बघा, बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा त्याच्या कितीतरी खालीच कव्हर संपतं. हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना फोन करून मंजुरी घ्या, नाहीतर नंतर क्लेम अडकतो. २०१८ मध्ये तिथे खोट्या रेस्क्यूचं मोठं प्रकरण उघडकीस आलं, साधं डोकं दुखलं तरी हेलिकॉप्टरमध्ये बसवायचे आणि विमा कंपनीला बिल लावायचे. म्हणून गाइड घाई करत असेल तर आधी विचारा की पायी खाली उतरता येईल का, पण माणूस बरळत असेल, नीट उभा राहता येत नसेल, तर पैशाचा विचार न करता खाली आणा. युरोपात पण देशादेशात फरक आहे, फ्रान्समध्ये डोंगरातला सरकारी रेस्क्यू फुकट असतो, शेजारी स्वित्झर्लंडमध्ये बिल येतं.

आता एक राहिलं, जे आम्ही चुकलो. माणूस सापडला की ज्यांना ज्यांना फोन केला त्या सगळ्यांना परत फोन करून सांगा. भाच्याला बाजेवरून वर आणला, १०८ उभीच होती, त्या गडबडीत आम्ही सगळे धुळ्याला निघालो. जो पोरगा रेंजसाठी टेकडीवर चढला होता तो दुसऱ्या वाटेने उतरून गाडीवर घरी पोहोचलेला होता, आणि हे कोणी वनरक्षकाला सांगितलंच नाही. तो आणि वस्तीतले चौघं रात्री नऊपर्यंत बॅटरी घेऊन त्या टेकडीवर त्याच्या नावाने हाका मारत होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं, त्या वनरक्षकाचा फोन आला तेव्हा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तो वरचा पोरगा सापडला का भाऊ?"